चालत्या गाडीत उभी राहणारी

फिजिओथेरपिस्ट म्हणजे कोण, हे लोकांना समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. धुळ्याला सुरुवात केली तेव्हा मला ‘मालिशवाल्या बाई’ म्हणत. पुढे लग्न होऊन जळगावला आले, स्वतःचं छोटं क्लिनिक काढलं, तेव्हा बढती मिळून ‘व्यायामवाल्या मॅडम’ झाले. माझ्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, सून डॉक्टरच आहे, फक्त औषध देत नाही. बोदवडचे एक निवृत्त गुरुजी आखडलेला खांदा घेऊन यायचे. घरी केलेल्या व्यायामाला ते स्वतःच गुण द्यायचे आणि ‘आज खांदा काठावर पास’ असं गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

सासूबाईंचं म्हणणं तसं खरंच होतं. आम्ही गोळी देत नाही, सुई टोचत नाही. माणूस उभा कसा राहतो, पाऊल कुठे टाकतो, खुर्चीतून उठताना कशाला हात लावतो, एवढं बघतो. मग जे हरवलंय ते परत शिकवतो, आणि जे परत येणार नाही त्याच्यावाचून चालवून कसं घ्यायचं तेही शिकवतो. काम फार हळू चालतं. त्यामुळे एक गोष्ट होते. गुडघा वाकवता वाकवता माणूस बोलायला लागतो. डॉक्टरांना जे सांगत नाही, घरी जे सांगत नाही, ते आमच्या टेबलावर आडवं पडून छताकडे बघत सांगतो. कॉलेजात आमच्याकडून स्नायूंची नावं पाठ करून घेतली होती. हे जे कानावर पडतं त्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. ते मी पेशंटांकडूनच शिकले. त्यांतल्या एकीबद्दल लिहायचं आहे.

तिला विचारूनच लिहिते आहे. नाव बदलू का म्हटलं तर म्हणाली, “बदला. पण कंडक्टर होते हे बदलू नका.” म्हणून तिला इथे संघमित्रा म्हणते. घरी सगळे मित्रा म्हणतात असं धरून चाला.

आठवड्यातून एकदा मी अमळनेरला जाते. तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्याची मागची खोली मला दिली आहे. सकाळी रेल्वेने जायचं, संध्याकाळी मिळेल त्या एसटीने परत यायचं. त्या खोलीत एका उन्हाळ्यात संघमित्रा नवऱ्याबरोबर आली. तिशी ओलांडलेली, उंच, ताठ, आवाज खणखणीत. नवरा विजय कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. तो दारातच उभा राहिला, ती सरळ आत येऊन खुर्चीत बसली आणि मलाच म्हणाली, “बसा ना मॅडम.”

जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पाठवलं होतं. आधीच्या वर्षी तिचा एक डोळा काही दिवस धुरकट झाला होता, मग आपोआप सुधारला. चष्म्याचं असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. त्यानंतर डाव्या पायाला मुंग्या, मग पाय जड. एमआरआय झाला आणि नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. एमएस.

मी तिला दोन्ही पावलं जुळवून उभं राहायला सांगितलं. राहिली. आता डोळे मिटा म्हटलं तर हसली.

“मॅडम, मी चालत्या गाडीत न धरता उभी राहते. दोन्ही हात तिकिटात गुंतलेले असतात.”

“असू दे. मिटा.”

तिने डोळे मिटले आणि झाड कलावं तशी कलली. मी तयारीतच होते, माझ्या हातांवर आली. डोळे उघडून तिने आधी पायाखाली बघितलं, मग नवऱ्याकडे.

“जमीन हलली का हो?” तिने विचारलं.

विजयने मान हलवली. नाही.

हा आजार मी पुढे तिच्या सासूबाईंना समजावला तसाच इथे सांगते. मेंदूकडून हातापायांकडे निरोप नेणाऱ्या नसा असतात. विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं तसं त्यांच्यावर आवरण असतं. रोगाशी लढणारी शरीराची जी फौज, ती शत्रू समजून या आवरणावरच तुटून पडते. जिथे आवरण खरवडलं जातं तिथे निरोप अडतो, नाहीतर भलताच पोचतो. कधी डोळ्याचा, कधी पायाचा, कधी लघवीचा. झटका येतो, बराचसा ओसरतो, पुन्हा येतो. पुढचा कधी आणि कुठे, हे कुणीच सांगू शकत नाही. औषधांनी झटके कमी होतात. आजार मुळातून जात नाही. आणि खानदेशात त्याला एक जोडीदार मिळतो, तो म्हणजे ऊन. अंग तापलं की आधीच खरवडलेल्या नसा आणखी ढिल्या पडतात. सकाळी चालणारा पाय दुपारी साथ सोडतो, गारव्यात बसलं की पुन्हा चालतो. बघणाऱ्याला वाटतं, नाटक आहे.

काही भेटींनंतर संघमित्राने तिची नोकरी कशी थांबली ते सांगितलं. टेबलावर पडून, छताकडे बघत. माझ्याकडे येण्याआधीची, मे महिन्याची दुपार, धरणगावकडे जाणारी भरलेली गाडी. तिकिटं देत ती मागे गेली आणि परत येताना डावा पाय घसटायला लागला. एका सीटवर जाऊन आदळली, तिथून दुसऱ्या. तिकिटाचं मशीन हातातून पडलं. बोलायला गेली तर जीभ जड. मागून कुणीतरी म्हणालं, “बाईंनी दुपारीच लावलेली दिसते.” गाडीत हशा पिकला.

“मी आजवर किती दारुड्यांना गाडीतून उतरवलंय, ताई,” ती म्हणाली. तोवर मॅडमची मी ताई झाले होते. “त्या दिवशी वाटलं, आपण आता स्वतःलाच उतरवावं.”

ड्रायव्हरने गाडी थांबवली, तिला पुढच्या सीटवर बसवलं, पाणी दिलं. डेपोत साहेबांनी विचारपूस केली, लागेल तेवढी रजा घ्या म्हणाले. कुणी वाईट वागलं नाही. पण ती त्या दिवसापासून घरात बसली ती बसलीच. बाजारात जाईना. चालताना तोल गेला की लोकांना काय वाटेल, ते तिने एकदा कानांनी ऐकलं होतं.

घरात शाळेत जाणारी मुलगी होती आणि सासूबाई, अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणे, मीही म्हणायला लागले. पूर्वी तेलाच्या कारखान्यात शेंगा निवडायचं काम करून त्यांनी विजयला शिकवलं होतं. नवरा लवकर गेला होता. बुटक्या, चपळ, दिवसभर हाताला काम. एका भेटीला त्या सुनेबरोबर आल्या आणि तिला आत टेबलावर झोपवून मी बाहेर आले तसा माझा हात धरला.

“बाई, हाई पोर दिनभर निजेल ऱ्हास. उठनी ते थकी जास. आशी नही व्हती ती.”

मी मूळची साक्रीकडची. अहिराणी कानावर पडली की मीही तिच्यात उतरते. मी त्यांना समजावलं की हा आळस नाही, या आजारात थकवाच असा येतो, रात्रभर झोपून उठलेला माणूससुद्धा पोतं उचलून आल्यासारखा दमलेला असतो. मग विचारलं, घरी काय काय करता तिच्यासाठी. अक्का मोठ्या मायेने सांगायला लागल्या. रोज सकाळी कढत पाण्याने अंघोळ, गरम तेलाने पाय चोळून देणं, संध्याकाळी विटेचा शेक.

मी जपून सांगितलं. अक्का, शेक बंद करा. अंघोळ कोमट पाण्याने. या आजाराला गरम चालत नाही.

त्यांचा चेहरा उतरला. “मी शेकी शेकी तिले आखो बिमार करं?”

“नही अक्का. तुम्हनं काय चुकनं नही. शेकामुळे रोग वाढत नाही, थोडा वेळ त्रास वाढतो, मग उतरतो.”

पुढच्या आठवड्यात संघमित्राच्या मानेभोवती जुन्या सुती लुगड्याचा ओला पट्टा होता. अक्कांनी तो माठातल्या पाण्यात भिजवून बांधला होता आणि बदलायला दुसरा पट्टा पिशवीत दिला होता. शहरात याच कामासाठी बर्फाच्या थैल्या घातलेलं जाकीट मिळतं. अक्कांच्या पट्ट्याने तेच काम झालं. दुपारीही तिची पावलं जरा नीट पडायला लागली.

पाय सुधारत होता. डोळे मिटून ती आता बऱ्यापैकी उभी राहायची. मन मात्र कुठे चाललं होतं ते मला नीट दिसत नव्हतं, कारण ती बोलायला हुशार. भेटायला येणाऱ्यांची नक्कल करायची. “सगळे म्हणतात, मन खंबीर ठेव. ठेवते ना. पण कुठे ठेवायचं ते कुणी सांगत नाही, ताई.” मी हसायचे. तीही हसायची. व्यायामावरून घासाघीस करायची. मी दहा सांगितले की ती सहावर तोडायची, आम्ही आठावर यायचो. कंडक्टरकीतली सवय.

मग हळूहळू घासाघीस थांबली. सांगेन तेवढं मुकाट्याने करायला लागली. उत्तरं आखूड झाली. झोप लागते का विचारलं तर ‘लागते’. जेवण जातं का, ‘जातं’. मी विजयला म्हटलं, मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या. त्याने घरी विषय काढला आणि अक्कांनी तो तिथेच मिटवला. सून वेडी ठरली तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. संघमित्राही म्हणाली, मला काही झालेलं नाही.

दसरा जवळ आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी त्यांच्याकडे घराची साफसफाई, रंगरंगोटी होते. त्या आठवड्यात विजय तिला सोडायला आला तो खुशीत होता.

“मॅडम, एकदम चांगला फरक आहे. सगळं स्वयंपाकघर लावलं तिने. अक्कांच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या डब्यांत भरून ठेवल्या. गॅसचं, लाइटबिलाचं मला समजावून सांगितलं. पोरीला स्वतःची वेणी घालायला शिकवलं.”

तो कॉलेजला गेला. संघमित्रा आत आली. केस नीट विंचरलेले, इस्त्रीची साडी, चेहरा शांत. एवढी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने सगळे व्यायाम केले. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जिना चढून बघू. ती म्हणाली, “बघू.”

तिचा पाय माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला आणि तिच्याशेजारी बसले.

“मित्रा, वेणी का शिकवलीस पोरीला?”

“मोठी झाली आता. यायला पाहिजे.”

“तुझे हात तर चांगले आहेत.”

बाहेर दवाखान्यात कुणाचं तरी लहान बाळ रडत होतं. ते शांत होईपर्यंत ती दाराकडे बघत राहिली. मग मी सरळच विचारलं. पुष्कळ लोकांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येतो. तसं होत नाही. विचारलं की दार उघडतं.

“मरून जावं असं वाटतं का तुला?”

“वाटत नाही,” ती म्हणाली. “ठरवलंय.”

कधी आणि कसं, तेही तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. सांगताना रडली नाही. एखाद्या गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाली, “विजय अजून तरुण आहे. अक्कांना या वयात माझं करायला लागतं. उद्या अंथरुणाला खिळले तर पोरीला माझं धुवावं लागेल. मी नसले तर सगळ्यांना मोकळं होता येईल. आणि ताई, हे तुमच्यात ठेवा. तुम्ही माझ्या म्हणून सांगितलं.”

“नाही ठेवणार,” मी म्हटलं. “आत्ता विजयला बोलावणार. तुझ्यासमोर सांगणार, पाठीमागे नाही.”

तिने माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून आठवतं. मी तिचा हात धरून बसले, तिने तो सोडवून घेतला. मी पुन्हा धरला. विजय येईपर्यंत असंच चाललं.

तो आला. मी सांगितलं. तो ऐकत उभा राहिला आणि मग खालीच बसला. मला वाटलं रडेल, ओरडेल. त्याने टेबलाखालून तिच्या चपला ओढल्या. तिच्या डाव्या पायातली चप्पल पट्ट्याची होती, पाय सुन्न असल्यामुळे ती सुटू नये म्हणून मीच सुचवलेली. वाकलं की तोल जाई, म्हणून तो पट्टा तिला घट्ट लावता येत नसे. त्याने तिच्या पायात चप्पल घातली, पट्टा लावला, दुसऱ्या पायातही घातली आणि म्हणाला, “चल.”

जळगावला निघण्याआधी रिक्षा घरावरून नेली. मुलगी शाळेतून येणार होती, अक्कांना सांगणं भाग होतं. अक्का दारातच उभ्या राहिल्या.

“मन्ही सून येडी शे का? लोके काय म्हनतीन?”

“येडी नही शे अक्का,” विजय म्हणाला. आईशी तो नेहमी अहिराणीतच बोलायचा. “बिमार शे. पायले डॉक्टर दखाडा, आते मनले दखाडूत.”

अक्का बाजूला झाल्या. आमच्याबरोबर आल्या नाहीत. रिक्षा वळेपर्यंत दारात उभ्या होत्या.

जळगावची मानसोपचारतज्ज्ञ वयाने माझ्या मुलीएवढी. तिने संघमित्राशी एकटीशी बराच वेळ बोलून तिला दाखल करून घेतलं. विजयला समजावलं की घरी गेल्यावर काय काय हलवायचं, काय कुलपात ठेवायचं, आणि काही दिवस तिला अजिबात एकटं ठेवायचं नाही. संघमित्राला ती म्हणाली, “तुमच्या आजारात नैराश्य खूप जणांना येतं. थोडं तुमचं जे गेलं त्याच्या दुःखामुळे, थोडं आजार मेंदूतच शिरलेला असतो म्हणून. पाय अडखळतो त्यात तुमचा जसा दोष नाही, तसा यातही नाही. आणि पायापेक्षा हे लवकर सुधारतं.” संघमित्राने भिंतीकडे तोंड केलं होतं. पण ऐकत होती.

ती घरी परतली, गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, तेवढा काळ घरच्यांनी जीव मुठीत धरून काढला. विजयने रजा घेतली. अक्का रात्री सुनेच्या खाटेशेजारी खाली अंथरूण घालायच्या. पण दोघी एकमेकींशी फार बोलत नसत, असं विजय सांगायचा.

माझ्याशी तर ती अजिबात बोलत नव्हती. व्यायामाला यायची, करायची, जायची. एकदा फक्त म्हणाली, “चोराला पकडतात तसं पकडलंत मला.” तिला राग यायला शक्ती आली होती, हेच मला पुष्कळ वाटलं.

थंडी सुरू झाली होती. मी तिला खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम देत होते, दहादा करायला सांगितला होता. सहाव्यांदा उठून ती थांबली.

“बस झालं,” ती म्हणाली. “सहा.”

“आठ,” मी म्हटलं.

“सात. आणि पुढच्या वेळी जिना.”

मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले. डोळे पुसून परत आले तर ती सातवं उठणं संपवून माझी वाट बघत बसली होती.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही लिहायला हवं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतला एक तरुण याच आजाराने माझ्याकडे यायचा. विनोदी, नीटनेटका, कधी कुरकुर नाही. अचानक यायचा थांबला. फोन केला तर भाऊ म्हणाला, तो खोलीबाहेर पडत नाही. मी गेले. त्याने दार उघडलं नाही. बाहेर खुर्ची टाकून मी दाराशी बोलले, आतून दोनदा ‘हो’ आलं. पुन्हा गेले तेव्हा घराला कुलूप होतं, कुटुंब विदर्भात गावी गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. पुढे काय झालं मला माहीत नाही. अजूनही दीपनगरच्या चिमण्या गाडीतून दिसल्या की त्या बंद दाराची आठवण येते.

संघमित्राचं मन सावरलं म्हणजे ती पूर्वीसारखी झाली, असं नाही. कणखर माणूस म्हणजे ज्याला काही होत नाही, अशी माझीही समजूत होती. तिला सगळं होत होतं. पण तिने स्वतःच्या ताकदीची वाटणी शिकून घेतली. जड कामं सकाळच्या गारव्यात, भाजी बसून चिरायची, दुपारी पडायचं आणि त्याची लाज बाळगायची नाही. पहाटे विजयबरोबर कॉलेजच्या मैदानाला फेरी मारायची. पंधरा दिवसांनी जळगावला बोलायला जायचं. हातात काठी घेतली तेव्हा खूप रडली, मग पोरीने काठीला रंगीत दोरा गुंडाळून दिला तो तिने ठेवला.

डेपोने तिला हलकं काम दिलं, बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीचं. संध्याकाळी जळगावच्या गाडीसाठी मी तिथे जाते तेव्हा ध्वनिक्षेपकावर तिचा आवाज असतो. शिरपूर, पारोळा, चोपडा, धुळे विनाथांबा. एकदा मी खिडकीशी टेकून विचारलं, कसं वाटतं?

“बरं वाटतं. लोक भांडतात, मी भांडते. दिवस जातो.” मग म्हणाली, “गाडी सुटते तेव्हा मात्र मी बघत नाही. तेवढ्यात पाणी पिऊन घेते.”

तिने पुन्हा कधी चालत्या गाडीत तिकिटं दिली नाहीत. ते मी तिला परत मिळवून देऊ शकले नाही.

दोनेक वर्षं बरी गेली. गेल्या हिवाळ्यात पुन्हा झटका आला. या वेळी उजवा पाय आणि हातही. स्टेरॉइडची सलाईनं झाली, हात सुधारला, पाय पुरता सुधारला नाही. काठीच्या जागी चार पायांचा वॉकर आला. विजयचा मला फोन, “मॅडम, भीती वाटते.” मलाही वाटत होती. पण मी अमळनेरला जायच्या आधीच जळगावच्या त्या मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यातून संघमित्राचा फोन आला.

“ताई, आम्ही इथे आलोय. वेळ असेल तर या.”

क्लिनिकपासून लांब नाही, मी गेले. बाकावर वॉकर घेऊन संघमित्रा बसली होती, शेजारी अक्का, हातात पाण्याची बाटली आणि ओल्या पट्ट्यांची पिशवी. विजयची परीक्षेची ड्युटी होती. दोघीच एसटीने आल्या होत्या. मी अक्कांकडे बघतच राहिले.

संघमित्राने सांगितलं. चार दिवसांपूर्वी मनात पुन्हा ते जुने विचार घोळायला लागले. तिने ओळखलं. संध्याकाळी अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, अक्का, मागच्यासारखं व्हायला लागलंय. मला एकटं ठेवू नका आणि जळगावला न्या.

“मग अक्का काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काही नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, सकायनी गाडीले जाऊत.”

अक्का समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती.

संघमित्राचा नंबर आला. आम्ही तिघी आत गेलो. डॉक्टरांनी तिच्याशी बोलून गोळीचा डोस बदलला, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं आणि म्हणाल्या, “स्वतःहून आलात, फार चांगलं केलं.” संघमित्रा उठली. मी वॉकर पुढे केला. अक्का मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पदर नीट केला.

“डॉक्टरीणबाई,” त्या म्हणाल्या, “तिन्हं व्हयनं. आते मन्हं आयका.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बोला अक्का.”

“मले झोप नही लागत. हाई पोर दवाखानामां व्हती तधळपशी. रातले उठीसन तिना श्वास दखस. आनि त्यान्हा पहिलेबी...” तधळपशी, म्हणजे तेव्हापासून, हा शब्द त्यांनी पुन्हा वापरला. “मन्हा मालक गया तधळपशी मन्हं कोनी इचारंच नही.”

डॉक्टरांनी आमच्याकडे बघून दाराकडे मान हलवली. आम्ही दोघी बाहेर आलो आणि मी दार ओढून घेतलं. बाकावर बसलो. आतून अक्कांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी तुटक, मग सलग. बराच वेळ. पुढचे पेशंट घड्याळाकडे बघायला लागले. अमळनेरच्या गाडीची वेळ होत आली होती, म्हणून मी दारावर टकटक करायला उठले.

संघमित्राने माझी साडी धरून मला खाली बसवलं.

“राहू द्या ताई,” ती म्हणाली. “बोलू द्या त्यांना. आम्ही मागून येणाऱ्या गाडीने जाऊ.”